दर रविवारी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज चार ओळी लिहायच्या, असं ठरवलं आहे. कल्पना माझी नाही, एका डॉक्टरांची आहे. आणि त्यांनी ती मला नव्हे, सत्तरी ओलांडलेल्यांना सुचवली होती. पण लोकांना सांगायच्या सात गोष्टींपैकी निदान एक तरी आपण करावी, एवढी लाज अजून शिल्लक आहे. सातांतली ही बसून करायची होती.

झालं ते असं. पुरवणीच्या संपादकबाईंनी सकाळी बोलावलं. वय चौतीस. मला 'सर' म्हणतात आणि मग हवं ते करून घेतात. म्हणाल्या, थंडी संपली, वसंत आला, तर दर गुरुवारी ज्येष्ठांसाठी एक सदर हवं. या दिवसांत तब्येत कशी सावरावी, मन कसं ताजं ठेवावं, असं.

"मीच का?"

"सर, विषय तुमच्या जवळचा आहे."

मी छप्पन्न वर्षांचा आहे. एकतीस वर्षं नगरपालिका, न्यायालय आणि पाणीपुरवठा यांच्या बातम्या दिल्या. वसंताची नि माझी ओळख कॉलेजात संस्कृत होतं तेवढ्यापुरती, आणि तिथल्या वसंतात कुणाचे गुडघे दुखत नसत.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चार मिनिटांत सात गोष्टी सांगितल्या: कोवळं ऊन, चालणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं, पाणी, वेळेवर झोप, माणसांत मिसळणं, चार ओळी लिहिणं. सगळं खरं होतं, आणि म्हणूनच वाचवत नव्हतं. तसंच लिहून दिलं. बाईंनी कागद परत केला.

"सर, हे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या कागदासारखं झालंय. माणूस कुठाय यात?"

"कुठला माणूस?"

"एखादे आजोबा. तुमच्या वडिलांचं वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"मग झालं की."

४ मार्च, मंगळवार

लेख दिला. बाई खूश. मी लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो:

'माझे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. वसंत लागला की रोज सकाळी साडेसहाला ते घराजवळच्या बागेत जातात, तळ्याभोवती तीन फेऱ्या मारतात आणि पांढऱ्या फुलांच्या झाडाखालच्या बाकावर बसून कोवळं ऊन घेतात. दर रविवारी मीही त्यांच्याबरोबर असतो.'

हे वाचायला गोड आहे. आता वस्तुस्थिती. अप्पा दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आई जाऊन चार वर्षं झाली. नोव्हेंबरपासून गुडघे धरले आहेत, तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यापलीकडे ते जिना उतरलेले नाहीत. सामान शेजारीण आणते. माझ्या घरून बसने चाळीस मिनिटं. मी शेवटचा गेलो त्याला सहा रविवार झाले. बाग तिथे आहे, हे खरं. तळंही आहे. झाडाचं माहीत नाही.

मीमांसकांनी याची सोय करून ठेवली आहे. शास्त्रात एक असतो विधी, म्हणजे अमुक करा अशी आज्ञा; आणि एक असतो अर्थवाद, म्हणजे ती आज्ञा गळी उतरावी म्हणून केलेली स्तुती. अर्थवाद शब्दशः खरा असावा लागत नाही. माझा विधी 'चाला' एवढाच. अप्पा अर्थवादात मोडतात.

६ मार्च, गुरुवार

लेख छापून आला. सकाळी चहाच्या वेळी बायकोनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या वाक्याला थांबली.

"अहो, हे कुणाचे वडील?"

"म्हणजे?"

"माझे तर नव्हेत, ते वर गेले. तिथे बाग असेलही."

ती गणित शिकवते. तिला मीमांसा सांगण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, ही लिहिण्याची पद्धत असते.

"अप्पा पेपर वाचतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. अप्पा याच पेपरात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. अजूनही पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत सगळं वाचतात, लाल पेन हातात धरून. त्यांची एक गोष्ट आमच्या कचेरीत अजून सांगतात. 'वाचनालय शनिवारी उघडं राहील' याच्या जागी एकदा 'रविवारी' छापून गेलं. अप्पांच्या लक्षात आलं तेव्हा रविवारची सकाळ झाली होती आणि शुद्धिपत्र सोमवारशिवाय निघणार नव्हतं. ते उठले, ग्रंथपालाच्या घरी गेले, किल्ली मागून घेतली आणि दहा ते पाच स्वतः वाचनालय उघडून बसले. अकरा वाचक आले. 'छापलं होतं ना,' एवढंच घरी येऊन म्हणाले. आम्ही लहानपणी या गोष्टीला फार हसायचो.

७ मार्च, शुक्रवार

अप्पांचा फोन.

"काय वार्ताहर, लेख वाचला."

"कसा वाटला?"

"शुद्ध आहे. ते पांढऱ्या फुलांचं झाड तळ्याच्या कुठल्या बाजूला आहे?"

वाटलं, चिडवताहेत. म्हटलं, "पूर्वेला असेल."

"असेल म्हणजे?"

"आहे. पूर्वेला."

"आणि तीन फेऱ्या बाहेरच्या वाटेनं की काठानं?"

"काठानं, अप्पा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. झापतील असं वाटलं होतं. सुटलो.

९ मार्च, रविवार

जायचं मनात होतं, पण दुसरा लेख लिहायचा होता. पावणेसातला आणि सातला फोन केला, उचलला नाही. साडेआठला उचलला. आवाजात धाप होती.

"कुठे होता?"

"झोपलो होतो."

या वयात साडेआठपर्यंत झोप म्हणजे लक्षण ठीक नाही. डॉक्टरांना विचारलं, तेही तसंच म्हणाले. झोपेवर एक परिच्छेद घातला.

१३ मार्च, गुरुवार

दुसरा लेख. यात अप्पा हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठतात-बसतात, आणि 'पाऊस असो, वारा असो, त्यांचा नेम चुकत नाही.' अकरा वाजता फोन.

"'पाऊस असो, वारा असो' हे तुझं की तुझ्या संपादकीणबाईंचं?"

"माझंच. त्याशिवाय वाक्याला तोल येत नव्हता."

"बरं."

"का हो?"

"नाही, विचारलं."

१६ मार्च, रविवार

बायकोनं अक्षरशः घराबाहेर काढलं. दुपारी चारला अप्पांकडे पोचलो. दार त्यांनीच उघडलं. चेहरा थोडा रापलेला, गालांवर चक्क रंग. दाराशी जुने बूट, त्यांच्या तळव्यांना ओली माती.

"सकाळी येणार होतास का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. बस."

मला बसवून त्यांनी खुर्ची मधोमध ओढली आणि छातीवर हाताची घडी घालून उठायला-बसायला लागले. मोठ्यानं मोजत. सातव्याला तोल गेला, टेबल धरावं लागलं. थांबले, दम घेतला आणि परत एकपासून सुरू केलं.

"अप्पा, सात पुष्कळ झाले."

"दहा छापलंय."

मला हसू आलं, बरंही वाटलं. बागेत जाता का, विचारलं.

"जातो की. तूच लिहिलंयस."

म्हणजे लेख वाचून अप्पा उठले! बातमीदाराच्या एकतीस वर्षांत माझ्या लिहिण्यानं नळाला पाणी आलं नाही, रस्त्यातला खड्डा बुजला नाही. आणि चारशे शब्दांनी माझा बाप जिना उतरला. परत येताना बसमध्ये मी, खरं सांगायचं तर, छाती काढून बसलो होतो.

टेबलावर त्यांची फाइल होती. लेखांची कात्रणं पांढऱ्या कागदावर डकवलेली, बहुतेक वाक्यांपुढे लाल पेनानं बरोबरची खूण. काहींपुढे खुणेबरोबर तारीख. पहिल्या लेखाच्या शेवटच्या ओळीपुढे मात्र खूण नाही, समासात प्रश्नचिन्ह. मुद्रितशोधकांच्या रीतीत याचा अर्थ 'लेखकाला विचारा.' 'बरोबर' की 'सोबत', असा काहीतरी शब्दाचा घोळ असावा. अप्पांना असल्या गोष्टींचा सोस आहे. मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

१९ मार्च, बुधवार

बेचाळीस पत्रं आली आहेत. बाई म्हणतात, वडिलांचा फोटो हवा, त्या झाडाखाली, बाकावर बसलेला. मी म्हटलं, ते लाजाळू आहेत. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही नाही का लाजाळू? तरी लिहिताच ना."

तिसरा लेख दिला. माणसांत मिसळण्यावर आहे. त्यात अप्पा दर बुधवारी त्यांच्या जुन्या सोबत्याकडे जातात आणि दोघं चहा पीत जुन्या छापखान्याच्या गप्पा मारतात. सोबती म्हणजे खिळेकाका. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पान उभं करायचे. त्यावरून हे नाव आम्हा मुलांनीच पाडलेलं.

२० मार्च, गुरुवार

"खिळेकाका?" बायकोनं पेपर खाली ठेवला. "अहो, त्यांचं नि अप्पांचं बोलणं नाही. एकोणीस वर्षं."

मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो. अप्पांच्या निरोपसमारंभात खिळेकाकांनी भाषणात ती वाचनालयाची गोष्ट सांगितली, सगळा छापखाना पोट धरून हसला, आणि अप्पा हार खुर्चीवर ठेवून घरी आले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

"आता काय करणार आहात?"

"काय करणार? छापून गेलं."

"तुम्ही दोघं बापलेक शोभता," ती म्हणाली. ही स्तुती नसावी.

आज अप्पांचा फोन आला नाही. मीही केला नाही. लाज वाटली, पण लाज वाटली की फोन करावा, हे सुचायला जे काही लागतं ते माझ्यात कमी असावं.

२३ मार्च, रविवार

पाणीपुरवठ्याची मोठी वाहिनी फुटली. दिवसभर तिथे. अप्पांना दुपारी फोन केला, म्हणाले, "ये सवडीनं. मी आहे." मग जरा थांबून, "सकाळी ऊन छान होतं." चौथा लेख याच वाक्यानं सुरू करीन म्हणतो.

२५ मार्च, मंगळवार

पहाटेपासून पाऊस. चौथा लेख दिला. फोटोसाठी बाई शुक्रवारचा दिवस मागताहेत. अप्पांना सांगितलं, नुसतं एकदा जाऊन बसायचं आहे.

"बसेन की. रोज बसतोच."

अधूनमधून जात असतील, पण रोज! काय थट्टेखोर झालाय म्हातारा.

२६ मार्च, बुधवार

सव्वादहाला कचेरीत फोन. अनोळखी, खरबरीत आवाज. "मी खिळेकाका. इस्पितळात ये. घाबरू नकोस, जिवंत आहे. पण ये."

उजवं मनगट मोडलंय. दोन बरगड्यांना चीर. शिवाय पावसात भिजून अंगात ताप. अप्पा ग्लानीत होते. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडापेक्षा छातीची काळजी; दोन दिवस जाऊ द्या, मग बोलू. बाहेर बाकावर खिळेकाका बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मी त्यांना एकोणीस वर्षांनी पाहत होतो. ते लहान झाले आहेत.

"काठावर पडला होता," ते म्हणाले. "किती वेळ, देव जाणे. बुधवार ना आज. मागच्या गुरुवारी हा आपला माझ्या दारात उभा. म्हटलं, काय रे, मेलो का बघायला आलास? तर म्हणाला, 'छापून आलंय, आपण दर बुधवारी चहा पितो. काल चुकला, आज घेऊ.' मी कपबशा काढल्या. दुसरं काय करणार? आज नवाला येतो म्हणाला होता. साडेनऊ झाले, आला नाही. हा माणूस वेळ चुकवत नाही. म्हणून बागेत गेलो."

"पण एवढ्या पावसात ते बागेत कशाला गेले?"

खिळेकाकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी लहानपणी खिळ्यांचा ट्रे सांडला होता तेव्हा असंच बघितलं होतं.

"'पाऊस असो, वारा असो,'" ते म्हणाले. "तुझंच वाक्य ना?"

मी त्यांच्या पायजम्यावरच्या चिखलाकडे पाहिलं.

"आणि ते बाक. पूर्वेकडचं. तिथे कुणी बसत नाही, पायऱ्यांवर शेवाळं असतं. मी त्याला सांगितलं, बाबा, पलीकडे कोरडी जागा आहे, ऊनही चांगलं येतं. तर म्हणतो, पोरगा पूर्वेला म्हणालाय."

आतून नर्स बाहेर आली म्हणून मला उठता आलं.

२७ मार्च, गुरुवार

चौथा लेख छापून आला. इस्पितळात बाजूच्या खाटेवरचे गृहस्थ वाचत होते. 'सकाळी ऊन छान होतं, असं परवा वडील म्हणाले...' त्यांनी मला दाखवून विचारलं, वाचता का हे? छान लिहितो माणूस. मी म्हटलं, नाही, माझ्या वाचनात नाही.

ताप एकशे दोन.

२८ मार्च, शुक्रवार

ताप उतरतोय. खिळेकाका सकाळ-दुपार येऊन बसतात. दोघं फार बोलत नाहीत. काकांनी विचारलं, "दुखतंय?" अप्पा म्हणाले, "बुधवार बुडाला." काका म्हणाले, "आज शुक्रवारी घेऊ, शुद्धिपत्र समज." यावर अप्पा हसले, आणि बरगड्यांमुळे हसता येईना.

अप्पांचे कपडे आणायला गेलो तेव्हा त्यांची फाइलही आणली होती, ती घरी आल्यावर उघडली. तारखा आता वाचल्या. 'रोज सकाळी साडेसहाला' याच्यापुढे ८ मार्च. 'तळ्याभोवती' याच्यापुढे ८, पण 'तीन फेऱ्या' याच्यापुढे पेन्सिलीनं अर्धी, अर्धी, एक, एक, दीड, अशी ओळ, आणि खूण थेट २१ मार्चला. नऊ तारखेला मी सात वाजता फोन लावत होतो तेव्हा हा माणूस तळ्याच्या काठानं अर्धी फेरी पुरी करत होता. मी झोपेवर परिच्छेद लिहीत होतो.

प्रश्नचिन्ह होतं तिथेच आहे. शब्दाचा घोळ नाही. किती स्वच्छ काढलं आहे, टिंबसुद्धा गोल.

बायको मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, बोलेल. तिनं फाइल मिटवली आणि दिवा लावला. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार

अप्पांना आमच्याकडे आणलं. पंधरा दिवस, असा करार. सोळाव्या दिवशी ते आपल्या घरी. दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि म्हटलं, "अप्पा, मी खोटं लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. त्यातला माणूस मीच होतो."

"मग मला फोनवर झापायचं."

"झापून काय? छापून झालं होतं."

"शुद्धिपत्र देता आलं असतं."

"तुझ्या नावावर? नव्या सदराच्या पहिल्याच लेखाला?" ते खिडकीकडे बघायला लागले. "आणि एवढं काही अवघड लिहिलं नव्हतंस. सात तारीख जिन्यातच गेली, दोनदा बसलो. मग जमलं. गुडघा हलका झालाय, खरं सांगतो. खिळ्याही भेटला. चाललं असतं सगळं, तो पाऊस सोडला तर."

त्यांनी एवढं बोलून डोळे मिटले. त्यांना माझी सुटका करायची होती हे दिसत होतं. सुटका झाली नाही. त्यांनी एकदा जरी 'काय रे हे' म्हटलं असतं, तर मी क्षमा मागून मोकळा झालो असतो. चांगल्या माणसाचा हा एक त्रास असतो.

१ एप्रिल, मंगळवार

शुद्धिपत्र लिहून बाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"सर, आज एक एप्रिल आहे म्हणून नाही ना?"

"नाही."

"आपण असं करू या का, वडिलांना अपघात झाला, आता ते जिद्दीनं उभे राहताहेत... वाचक रडतील, सर."

"बाई, ते जिद्दीनं उभे होते. मी त्यांना पाडलं."

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग 'सर' न लावता बोलल्या. "माझी आई बासष्टची आहे. मी तिला तुमचे लेख पाठवत होते." आणि कागदावर सही केली. जागा: हवामानाच्या चौकटीखाली.

संध्याकाळी कागद अप्पांना दाखवला. छापण्याआधी मी आपणहून त्यांना दाखवलेला एकतीस वर्षांतला हा पहिला मजकूर. मी असं लिहिलं होतं:

'या सदरात माझ्या वडिलांविषयी छापलेला मजकूर खरा नव्हता. ते रोज बागेत जात नाहीत. तळ्याभोवती तीन फेऱ्या मारत नाहीत. जुन्या सोबत्याकडे चहाला जात नाहीत. पांढऱ्या फुलांचं झाड बागेत नाही. दर रविवारी मी त्यांच्याबरोबर नसतो.'

त्यांनी चष्मा मागितला, लाल पेन मागितलं, डाव्या हातात धरलं. रेघ वाकडी आली, पण आली.

"'बागेत जात नाहीत' चूक. आठपासून सव्वीसपर्यंत गेलो." रेघ. "तीन फेऱ्या एकवीसला झाल्या." रेघ. "चहा दोनदा झाला, एकदा इस्पितळात." रेघ.

"झाड तरी नाही ना, अप्पा?"

"नव्हतं. सगळी बाग धुंडाळली. मग माळ्याला म्हटलं, पूर्वेच्या बाकाशी एक पांढऱ्या फुलांचं लावून दे. त्यानं विचारलं, आजोबा, कशाला? फुलायला तीन वर्षं लागतील. म्हटलं, लागू देत. छापलंय." त्यांनी त्या वाक्यावरही रेघ मारली. "आहे. गुडघ्याएवढं आहे, पण झाड आहे. आणि 'मजकूर खरा नव्हता' हे फारच मोघम. कुठला मजकूर?"

आता कागदावर एकच वाक्य उरलं होतं. पेन त्याच्यावर जरा थांबलं.

"हे बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "हे राहू दे."

३ एप्रिल, गुरुवार

हवामानाच्या चौकटीखाली: 'या सदरात ६ मार्च रोजी "दर रविवारी मीही त्यांच्याबरोबर असतो" असे छापले होते. ते खरे नव्हते. चूक लेखकाची.'

कचेरीत कुणी काही म्हटलं नाही. सगळे फार सौजन्यानं वागले, चहासुद्धा आणून दिला. मेलेल्याच्या घरी वागतात तसे.

५ एप्रिल, शनिवार

एकच पत्र आलं. कुणा आजींचं, सुवाच्य अक्षरात. 'आपले शुद्धिपत्र वाचले. आम्हांला ठाऊकच होते. आमचा मुलगाही दर रविवारी येतो.'

हे पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पाकिटावर पत्ता आहे.

६ एप्रिल, रविवार

सव्वासहाला अप्पा बूट घालून खाटेवर बसले होते. उजवा हात गळ्यात. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय, कोरड्या वाटेनं, कुणीतरी बरोबर असताना. बस केली. बागेच्या दारापासून बाकापर्यंत आम्हाला बावीस मिनिटं लागली. एरवी मी तेवढ्या वेळात नगरपालिकेची सभा सोडून घरी येतो.

मी पलीकडच्या कोरड्या बाकाकडे वळायला लागलो तर त्यांनी बाही ओढली. माळ्यानं शेवाळं खरवडून काढलं होतं. तेव्हा पूर्वेलाच बसलो. झाड गुडघ्याएवढं नाही, त्याहून लहान आहे. अप्पांनीही थोडा अर्थवाद केला म्हणायचा. पाच पानं. काठीला सुतळीनं बांधलेलं. त्याच्याखाली बसणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही त्याच्या शेजारी बसलो.

ऊन आलं. मी ज्या उन्हावर चार लेख लिहिले ते मी या वर्षी पहिल्यांदाच अंगावर घेत होतो. बोलायचं बरंच ठरवून आलो होतो. त्यातलं काही बोललो नाही. अप्पा झाड बघत होते. एकदा म्हणाले, "तिसरं पान नवीन आहे." एकदा म्हणाले, "तुझे बूट या कामाचे नाहीत."

निघताना मी पिशवीतून फाइल काढली. मीच आणली होती, त्यांना न विचारता. पहिला लेख उघडून लाल पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ती शेवटची ओळ वाचली, सावकाश, जणू प्रथमच वाचत होते. मग समासातल्या प्रश्नचिन्हाकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

"एका रविवारनं 'दर रविवारी' होत नाही, वार्ताहर."

"नाही," मी म्हटलं.

"पेन तुझ्याकडेच ठेव. पुढच्या खेपेला विसरू नकोस."